वस्तू घरात, किल्ली कंपनीत

ज्यांच्या घरी साठ-सत्तरच्या दशकांत रेडिओ होता, त्यांना त्याचे परवानापुस्तक आठवत असेल. रेडिओ स्वतःच्या पैशाने घेतला तरी तो ऐकण्यासाठी सरकारचा परवाना लागे. दरसाल पोस्टात जाऊन शुल्क भरायचे, पुस्तकात तशी नोंद करून घ्यायची आणि ते रेशनकार्डाच्या शेजारी जपून ठेवायचे, हा मध्यमवर्गीय गृहस्थाच्या वार्षिक कर्मकांडाचाच एक भाग होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हा परवाना रद्द झाला तेव्हा कोणी फारसे हळहळले नाही. रेडिओचा मालक मात्र निःसंशय तो गृहस्थच होता. मागचा पुठ्ठा चार स्क्रू काढले की निघे. आत कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा नकाशाच पुष्कळ रेडिओंत चिकटवलेला असे. गल्लीतला कारागीर तो उघडी, निकामी भाग बदली आणि रेडिओ पुन्हा बोलू लागे. मर्फीच्या ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेला रेडिओ साताऱ्याच्या कारागिराने उघडला म्हणून ठाण्याहून कोणी हरकत घेत नसे.

आज ऐकण्यास, पाहण्यास वा बोलण्यास ग्राहकाला सरकारी परवाना लागत नाही. म्हणून परवाना गेला असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. तो पोस्टातून उठून कंपनीच्या दारी जाऊन बसला आहे, एवढेच. नवा फोन, दूरचित्रवाणी संच किंवा मनगटावरचे घड्याळ प्रथम सुरू करताना पडद्यावर एक लांबलचक करारनामा उमटतो आणि त्याखालच्या ‘मान्य आहे’वर बोट टेकवल्याखेरीज यंत्र पुढे सरकत नाही. तो कोणी वाचत नाही, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. जुन्या परवानापुस्तकावरून शुल्क किती भरले आणि मुदत कधी संपते हे तरी कळत असे. नव्या करारनाम्यात अटी पुढे बदलण्याचा अधिकार विकणाऱ्याने बहुधा स्वतःकडेच राखून ठेवलेला असतो. ग्राहकोपयोगी तंत्रज्ञानात गेल्या पंधरा-वीस वर्षांत काय बदलले, असे विचारले तर पडदे मोठे झाले, कॅमेरे सुधारले, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण वरवरचे आहे. वस्तू ग्राहकाच्या घरात आली आणि तिचा ताबा विकणाऱ्याकडेच राहिला, हा त्यातला मूलभूत बदल होय. आणि पुढील दहा वर्षांतील बहुतेक तंटे यातूनच उद्भवतील, अशी चिन्हे आहेत.

याची चुणूक २००९ च्या जुलैमध्येच मिळाली होती. ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्रासाठी काही ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके एकाएकी यंत्रातून नाहीशी झाली. ज्याने ती विक्रीस ठेवली होती त्याच्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते, म्हणून कंपनीने ती दुरूनच पुसून टाकली आणि पैसे परत केले. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. नको असलेले कागद जाळून टाकणाऱ्या राजवटीची कथा ज्या पुस्तकात आहे, तेच असे अदृश्य व्हावे, हा योगायोग एखाद्या विनोदी लेखकाला सुचला असता तर संपादकाने तो अतिरंजित म्हणून खोडला असता. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांनी घेतलेली पुस्तकेही दुकानाबरोबर गेली. तेथेही पैसे परत मिळाले, हे मान्य. परंतु अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानदाराने दुकान बंद केले म्हणून गिऱ्हाइकाच्या कपाटातली पुस्तके परत नेल्याचे अजून तरी ऐकिवात नाही.

पुस्तकांवर भागले असते तरी ठीक. २०१६ मध्ये गूगलच्या छत्राखालील नेस्ट कंपनीने घरातील दिवे-कुलुपे चालवणाऱ्या ‘रिव्हॉल्व्ह’ नावाच्या उपकरणाची दूरस्थ सेवा थांबवली आणि सुमारे ३०० डॉलरला घेतलेले ते यंत्र एका तारखेपासून निव्वळ डबा होऊन बसले. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत मोटारीच्या आसनातील ऊब मासिक वर्गणीवर देऊ केली. तापणारी तार आसनात आधीपासूनच बसवलेली; वर्गणी भरली की ती तापणार, थकली की गार पडणार! ग्राहक संतापले आणि पुढल्याच वर्षी कंपनीने तो नाद सोडला. कॅलिफोर्निया राज्याने मात्र या प्रकाराला निदान त्याचे नाव द्यायला लावले. जानेवारी २०२५ पासून तेथे अंमलात आलेल्या कायद्यान्वये, डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी नव्हे तर परवाना मिळत आहे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे लागते. पोस्टातले ते पुस्तक अशा रीतीने दुसऱ्या खंडात कायद्याच्या भाषेत पुन्हा अवतरले.

येथे जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह आवरलेला बरा. त्या काळी वस्तू टिकत, याचे एक कारण दुसरी मिळत नसे हेही होते. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारा आणि टेलिफोन मिळेपर्यंत मुले मोठी झालेली पाहणारा गृहस्थ दुरुस्ती करून घेई ती काही तत्त्वज्ञान म्हणून नव्हे. आजचा फोन पाण्यात पडला तरी बहुधा वाचतो, तो बंदिस्त असतो म्हणूनच. शिवाय वस्तूचे आयुष्य मोजून-मापून ठरवण्याची विद्या काही संगणकयुगात जन्मली नाही. १९२४ मध्ये जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापला आणि दिव्याचे आयुष्य हजार तासांच्या आसपास राहील अशी तजवीज केली. अधिक टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासदाला दंड होत असे. तेव्हा त्यासाठी कट करावा लागला, प्रयोगशाळेत दिवे जाळून पाहावे लागले. आता दुरून पाठवलेली एक संगणकीय सूचना पुरते. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले की, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग नव्या सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून हे केले, असा कंपनीचा खुलासा होता आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्यही होते. प्रश्न होता तो ग्राहकाला हे न सांगण्याचा. त्याबद्दल फ्रान्सच्या ग्राहकयंत्रणेने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. बॅटरी बदलली तर फोन पूर्ववत धावेल, हे ठाऊक नसल्यामुळे किती जणांनी नवा फोन घेतला असेल, याचा हिशेब कोण मांडणार?

दुरुस्तीची विद्या लयाला गेली आहे, हा समज मात्र निखालस चुकीचा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीत, नाही तर कोणत्याही तालुक्याच्या एसटी स्थानकासमोरच्या गाळ्यात दहा मिनिटे उभे राहावे. विशी-पंचविशीतली मुले सूक्ष्मदर्शकाखाली फोनची पट्टी धरून, गरम हवेच्या झोताने मोहरीएवढा भाग अलगद उचलतात आणि दुसरा बसवतात. यांतील बहुतेकांना कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने पदवी दिलेली नाही. मुंबईची ‘पद्मिनी’ टॅक्सी तिचे उत्पादन थांबल्यानंतरही वीस-बावीस वर्षे धावली आणि ऑक्टोबर २०२३ अखेरीस रस्त्यावरून गेली, तीही मोडली म्हणून नव्हे, तर वयोमर्यादेचा नियम आड आला म्हणून. तिला जगवणारे हात आणि हे फोनवाले हात एकाच परंपरेतले आहेत.

अडचण हातांची नाही, परवानगीची आहे. अलीकडच्या पुष्कळ महाग यंत्रांत पडदा, बॅटरी, कॅमेरा अशा प्रत्येक भागाला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक यंत्राच्या मुख्य मंडलाशी जुळवून ठेवलेला असतो. दुसऱ्या फोनचा अस्सल, कंपनीचाच पडदा काढून बसवला तरी फोन तो ‘अनोळखी’ ठरवतो. कधी नुसती सूचना दाखवतो, कधी एखादी सोय बंद करतो. जुळवणी करून देण्याची किल्ली कंपनीकडे, किंवा कंपनीने नेमलेल्या दुकानाकडे. रेडिओचा कारागीर स्क्रू काढू शकला की त्याचे काम निम्मे झालेले असे; आजच्या कारागिराला स्क्रू काढल्यावरच दार बंद असल्याचे कळते. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने अशा जुळवणीद्वारे स्वतंत्र दुरुस्ती अडवण्यास मनाई केली. तेथील आमदारांना हा विषय चैनीचा वाटला नाही, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात तो चैनीचा नाहीच, हे अंगणवाडी सेविकांनी दाखवून दिले आहे. पोषण योजनेच्या नोंदींसाठी त्यांना २०१९ मध्ये सरकारने फोन दिले होते. २०२१ मध्ये केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. दोन जीबी स्मृतीच्या त्या फोनांना ते पेलवेना. फोन तापू लागले, अडकू लागले. हमीची मुदत संपलेली आणि दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करावा लागतो, ही सेविकांची तक्रार. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. एरवी मोर्चे निघतात ते काही मिळावे म्हणून. येथे मिळालेली वस्तू परत घ्या म्हणून बायका रस्त्यावर आल्या. दोन वर्षांच्या फोनला म्हातारपण आले ते त्याचे यंत्र झिजले म्हणून नव्हे. त्याच्यावर लादलेला बोजा वाढला म्हणून आले, आणि तो बोजा किती असावा हे ठरवताना फोन बाळगणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते.

शेतकऱ्याचीही हीच स्थिती होत चालली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने आपल्या फोनवरून करावी, अशी ही योजना. कल्पना चांगली आहे, तलाठ्याच्या दारातील खेटे तिने वाचतात. तथापि नोंद नाही तर नुकसानभरपाईत अडथळा, आणि चालू स्थितीतला फोन नाही तर नोंद अवघड, अशी साखळी त्यातून तयार होते. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक ॲप काही काळाने जुन्या कार्यप्रणालीला रजा देते. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या ‘किटकॅट’ या आवृत्तीवर चालणे थांबवले. ते फोन बोलण्यास उत्तम होते, दिसण्यास धड होते. नागरिक म्हणून जगण्यास मात्र हळूहळू अपात्र ठरत गेले.

याच टप्प्यावर टिकाऊपणाची वाटणी विषम होऊ लागली आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या वरच्या श्रेणीच्या नव्या फोनांना सात वर्षे सॉफ्टवेअर पुरवण्याचे वचन दिले. वचन स्वागतार्ह आहे, पण ते लाखाच्या घरातल्या फोनांना प्रथम मिळाले. आठ-दहा हजारांच्या फोनला असे दीर्घायुष्य सहसा लाभत नाही. पूर्वी श्रीमंताची वस्तू नाजूक आणि गरिबाची दणकट असे. कल्हई केलेले पातेले पिढ्यान् पिढ्या चाले. यापुढे टिकाऊपणा हाच चैनीचा माल होईल आणि ज्याला तो परवडत नाही त्याला तीच वस्तू पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागेल, असे दिसते.

भाकिते करणे हा ज्योतिषांचा धंदा खरा. तरी काही गोष्टींचा रोख स्पष्ट आहे. पहिली गोष्ट फोनच्या किमतीची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अजस्र संगणककेंद्रांनी स्मृतिचिपांची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीस त्यांचे भाव कडाडले आणि मायक्रॉनसारख्या बड्या उत्पादकाने ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय सोडण्याचे डिसेंबरमध्ये जाहीर केले. स्वस्त फोनाला याची झळ अधिक बसेल, कारण त्याच्या किमतीत नफ्याचा पदर मुळातच अरुंद असतो. लोक फोन अधिक काळ वापरतील, जुन्यांचा बाजार तेजीत येईल आणि स्थानकासमोरच्या त्या गाळ्याला पुन्हा बरे दिवस येतील. कंपन्या मग घटलेली विक्री वर्गणीतून भरून काढतील. फोन ‘बुद्धिमान’ झाल्याच्या जाहिरातींकडे या दृष्टीने पाहावे. ती बुद्धी बरीचशी कंपनीच्या दूरच्या संगणकांत वसते, आणि दूर वसणाऱ्या गोष्टीला भाडे लावता येते. सॅमसंगने २०२४ च्या आरंभी या सोयी आपल्या फोनांत आणल्या तेव्हा त्या २०२५ अखेरपर्यंत विनामूल्य राहतील, अशी तळटीप दिली होती. विनामूल्य वस्तूला मुदत घातली जाते तेव्हा ती वस्तू नसून नमुना असतो, हे कोणताही किराणा दुकानदार सांगेल.

दुसरी गोष्ट बॅटरीची. ग्राहकाला स्वतः काढता-घालता येईल अशीच बॅटरी उपकरणांत असावी, हा युरोपीय संघाचा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचे ठरले आहे. फोनांसाठी मात्र एक पळवाट आहे: हजार वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची ऐंशी टक्के क्षमता टिकली आणि फोन धूळ-पाण्याला दाद देणारा नसला, तर त्याला सूट. महाग फोन या पळवाटेने निसटतील. तरीही युरोपच्या नियमांचा हात लांब असतो. डिसेंबर २०२४ पासून तेथे यूएसबी-सी हे एकच चार्जिंगचे तोंड सक्तीचे झाले, पण त्याआधीच सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने जगभरासाठी आपले तोंड बदलले होते. पुण्याच्या ग्राहकाला ब्रुसेल्सच्या कायद्याचा लाभ फुकटात झाला. असा लाभ पुढेही होत राहील, पण परक्या कायद्याच्या ओसरीवर किती काळ बसायचे?

कारण महाराष्ट्राचे खरे दुखणे फोनात नव्हे, चाकांवर येणार आहे. विजेच्या स्कूटरींची मोठी विक्री सुरू झाली ती २०२१-२२ च्या सुमारास. त्या गाड्या २०३० च्या आगेमागे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जातील, म्हणजे हमी संपलेल्या अवस्थेत, ज्याला कमी पैशात गाडी हवी अशा माणसाकडे. सर्वांत महाग भाग बॅटरी. तिच्यावर पहारा करणारे संगणकीय मंडल कंपनीचे. त्या मंडलाशी बोलण्याची भाषा गॅरेजवाल्याला बंद. काही उत्पादक आजच गाडीतील सोयींचा सॉफ्टवेअर ‘पॅक’ वेगळा विकतात. ट्रॅक्टरही त्याच वाटेवर आहे. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून कडक प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण शिरले. अमेरिकेत जॉन डिअर कंपनी शेतकऱ्यांना व स्वतंत्र कारागिरांना दुरुस्तीची पूर्ण साधने देत नाही, या आरोपावरून तेथील फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये खटला भरला. आयोवाच्या शेतकऱ्याचे भांडण कोपरगावच्या शेतकऱ्याला परके वाटण्याचे दिवस फार उरलेले नाहीत. पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर उभा राहिला आणि गावच्या फिटरला तो उघडता आला नाही, तर हुकलेली वाफसा कोणतेही ग्राहक न्यायालय परत देऊ शकत नाही.

दिल्लीला या प्रश्नाची जाणीव नाही असे नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळ उघडले, आणि दुरुस्तीक्षमतेच्या निर्देशांकाविषयीचा अहवाल मे २०२५ मध्ये खात्याच्या हाती आला. वस्तू किती सुलभतेने दुरुस्त होते याचे गुण वेष्टनावर छापायचे, ही फ्रान्सने २०२१ पासून अंगीकारलेली रीत. ती उपयुक्त आहे, पण ती दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकापुरती. अंगणवाडीच्या सेविकेने फोन निवडला नव्हता. तो निविदेतून तिच्या हाती आला होता.

आणि येथेच सरकारला नवा कायदा होईतो थांबण्याचे कारण नाही. देशातील सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक खुद्द सरकार आहे. सेविकांचे फोन, शाळांचे टॅबलेट, कार्यालयांचे संगणक ही खरेदी तेच करते आणि निविदेच्या अटीही तेच लिहिते. सॉफ्टवेअर किती वर्षे पुरवणार, सुटे भाग किती वर्षे व काय दराने देणार, जुळवणीची किल्ली तालुक्याच्या कारागिराला मिळणार की नाही, हे तीन प्रश्न निविदेत घालण्यास संसदेची संमती लागत नाही. आजवर अशा निविदांत मुख्यतः किंमत आणि हमीची मुदत पाहिली जात आली आहे. सेविकांच्या हातातील फोन पुन्हा म्हातारे होतील तेव्हा नवी निविदा निघेलच. तिच्या अटींच्या यादीत हे तीन प्रश्न आहेत की नाहीत, हे प्रत्येकाने स्वतः वाचून पाहावे. निविदा हा निदान सर्वांना वाचता येणारा कागद आहे.